प्रोस्टेटदाह आणि स्वप्रतिरक्षा : जंतूंच्या पलीकडील विचार

प्रोस्टेट ग्रंथीचा दाह म्हटले की रुग्णाच्याच नव्हे, तर आपणां डॉक्टरांच्याही मनात प्रथम जंतुसंसर्गाचा विचार येतो. लघवीची तपासणी, जंतूंचे संवर्धन आणि चार ते सहा आठवडे प्रतिजैविके, असा मार्ग ठरूनच गेलेला आहे. पहिल्या औषधाने गुण आला नाही तर दुसरे, दुसऱ्याने आला नाही तर तिसरे. वर्ष-दोन वर्षे असे गेल्यावर रुग्ण जाड फाईल घेऊन नव्या डॉक्टरांकडे जातो आणि तेथेही बहुधा चौथे प्रतिजैविक घेऊन परत येतो. दीर्घकालीन प्रोस्टेटदाहाच्या बहुसंख्य रुग्णांत जंतू सापडत नाहीत. मग हा दाह कशाने होतो? शरीराची प्रतिकारसंस्थाच आपल्या ग्रंथीवर उलटते काय? आणि तसे असेल तर उपचारांत काय फरक करावा? या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ही स्मरणिका वैद्यकबंधू-भगिनींबरोबरच समाजातील इतर वाचकांच्याही हाती जाते. म्हणून काही प्राथमिक माहितीही दिली आहे.

ग्रंथी आणि तिचे विकार

प्रोस्टेट ग्रंथी ही केवळ पुरुषांत असणारी, अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाच्या आरंभीच्या भागाला वेढून असते. तरुण वयात तिचे वजन सुमारे २० ग्रॅम असते. मराठी परिभाषेत तिला अष्ठीला ग्रंथी म्हणतात. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताच्या प्रकारांत वाताष्ठीला हा विकार सांगितला आहे. वीर्यातील द्रवाचा काही भाग ही ग्रंथी तयार करते. वीर्यकोशातून येणाऱ्या सेमेनोजेलिन या प्रथिनामुळे वीर्य प्रथम घट्ट होते आणि प्रोस्टेटमधील पीएसए हे प्रथिन त्याचे विघटन करून ते पुन्हा पातळ करते. या दोन्ही प्रथिनांचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ साली मांडलेले व १९९९ साली प्रसिद्ध झालेले वर्गीकरण आज जगभर वापरले जाते. पहिला वर्ग तीव्र जंतुजन्य दाहाचा : थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, कधी लघवी अडकणे. दुसरा वर्ग दीर्घकालीन जंतुजन्य दाहाचा. यात तोच जंतू पुन्हापुन्हा सापडतो. तिसरा वर्ग ओटीपोटाच्या दीर्घकालीन वेदनेचा. यात जंतू सापडत नाहीत, परंतु मागील सहा महिन्यांपैकी निदान तीन महिने वेदना असतात. प्रोस्टेटच्या स्रावात पांढऱ्या पेशी आढळल्यास तो दाहयुक्त उपवर्ग आणि न आढळल्यास दाहविरहित उपवर्ग समजावा. चौथ्या वर्गात दाह असतो पण तक्रार नसते; दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत तो योगायोगाने आढळतो.

यांपैकी तिसरा वर्ग हाच नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक रुग्णांचा आहे. वृषण आणि गुदद्वार यांमधील भागात, ओटीपोटात किंवा शिश्नाच्या टोकाशी ठणका, वीर्यस्खलनाच्या वेळी वा नंतर वेदना, वारंवार लघवीला जावे लागणे ही त्याची लक्षणे. रुग्ण बहुधा पन्नाशीच्या आतला, कर्तेपणाच्या वयातला असतो. तक्रारीचे स्वरूप असे की घरात सांगण्याचा संकोच वाटावा. पत्नीलाही कित्येकदा ठाऊक नसते. तपासण्या निर्दोष आल्या की ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्य त्याला ऐकावे लागते आणि वेदनेत एकटेपणाची भर पडते.

स्वप्रतिरक्षा म्हणजे काय?

आपले आणि परके यांतील भेद ओळखणे हे प्रतिकारसंस्थेचे मूळ काम. पॉल अर्लिक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असे प्रतिपादन केले होते की शरीर स्वतःविरुद्ध विषारी प्रतिक्रिया होऊ देत नाही. या मताचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. जपानचे हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली चार स्त्रियांच्या थायरॉइड ग्रंथींत लिम्फोसाइट पेशींची दाटी झाल्याचे वर्णन केले, तेव्हा त्याचे कारण कोणालाच सांगता आले नाही. १९५६ साली नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांना त्यांच्याच थायरॉइडचा अर्क टोचून तसाच दाह निर्माण केला. त्याच वर्षी लंडनमध्ये हाशिमोतो रोगाच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे सापडली. वर्णन आणि कारण यांत चव्वेचाळीस वर्षांचे अंतर पडले.

एखादा रोग स्वप्रतिरक्षेचा आहे असे केव्हा म्हणावे, याचे निकष विटेब्स्की यांनी १९५७ साली घालून दिले. १९९३ साली रोझ आणि बोना यांनी ते नव्याने मांडले. त्यांनुसार पुरावा तीन प्रकारचा असतो. पहिला प्रत्यक्ष पुरावा : रुग्णाची प्रतिपिंडे किंवा टी पेशी दुसऱ्या शरीरात गेल्यास तेथे रोग होणे. दुसरा अप्रत्यक्ष पुरावा : प्राण्यांत तोच रोग निर्माण करता येणे. तिसरा परिस्थितिजन्य पुरावा : रुग्णांत स्वतःच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिक्रिया आढळणे, इतर स्वप्रतिरक्षा रोगांची जोड असणे, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी गुण येणे. प्रोस्टेटदाहाला या निकषांवर घासून पाहणे हीच उचित पद्धत होय.

प्रोस्टेटच का?

टी पेशींचे शिक्षण छातीतील थायमस ग्रंथीत होते. स्वतःच्या प्रथिनांवर हल्ला करू शकणाऱ्या पेशी तेथेच बाद केल्या जातात. त्यासाठी शरीरभरच्या अवयवांतील प्रथिनांचे नमुने थायमसमध्ये दाखवावे लागतात आणि हे काम ‘एअर’ नावाच्या जनुकावर अवलंबून असते. थायमसचा ऐन कामाचा काळ बालपणाचा. प्रोस्टेटची प्रथिने मात्र मुलगा वयात आल्यावर, पुरुष संप्रेरकांच्या प्रभावाने भरपूर तयार होऊ लागतात. म्हणजे ही प्रथिने प्रतिकारसंस्थेला उशिरा भेटणारी आहेत. थायमसमधील दाखवणुकीत त्यांचा नमुना राहून गेला, तर पुढे त्यांना परके समजले जाण्याचा धोका उरतो.

ही केवळ कल्पना नाही. एअर जनुक निकामी केलेल्या उंदरांत प्रोस्टेटचा दाह आपोआप होतो. २००९ साली सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी दाखवले की या उंदरांच्या टी पेशींचे लक्ष्य वीर्यकोशातील एक प्रथिन असते आणि थायमसमधील त्याचा नमुना एअर जनुकाच्या अभावी नाहीसा झालेला असतो. माणसात त्या प्रथिनाशी जुळणारे प्रथिन म्हणजेच सेमेनोजेलिन. दीर्घकालीन प्रोस्टेटदाहाच्या काही रुग्णांत सेमेनोजेलिनविरोधी प्रतिपिंडेही त्यांना आढळली. माणसात एअर जनुकाच्या जन्मजात दोषाने अनेक अंतःस्रावी ग्रंथींचा स्वप्रतिरक्षा रोग होतो. अशा रुग्णांत ट्रान्सग्लुटामिनेज ४ या प्रोस्टेटमधील प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असतात, हे २०१५ साली प्रसिद्ध झाले. ती प्रतिपिंडे मुले वयात आल्यानंतरच दिसू लागतात. प्रथिन प्रकट होण्याचा आणि प्रतिक्रिया सुरू होण्याचा काळ असा जुळावा, ही गोष्ट लक्षणीय आहे.

प्राण्यांतील पुरावा

उंदीर व घुशींच्या जातीच्या प्रयोगप्राण्यांना प्रोस्टेटचा अर्क किंवा त्यातील विशिष्ट प्रथिन टोचले असता प्रोस्टेटमध्ये लिम्फोसाइट पेशी जमतात, ओटीपोटाला हलका स्पर्शही वेदनादायक होतो आणि रोगी प्राण्याच्या टी पेशी निरोगी प्राण्यात सोडल्यास रोग संक्रमित होतो. या प्रायोगिक रोगावर अर्जेंटिनातील कोर्दोबा येथील गटाने अनेक वर्षे काम केले आहे. मधुमेहाची जन्मजात प्रवृत्ती असलेल्या एनओडी जातीच्या उंदरांत हा रोग विशेष सहज होतो. प्राण्यांपुरता पाहता प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष असे दोन्ही निकष येथे पूर्ण होतात.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील प्रवीण थुंबिकाट आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगाने एक महत्त्वाचा दुवा जोडला. त्यांनी दीर्घकालीन वेदनेच्या एका रुग्णाकडून मिळालेला ई. कोलाय जंतू उंदरांच्या मूत्रमार्गात सोडला. एनओडी उंदरांना दीर्घकालीन वेदना सुरू झाली आणि जंतू नाहीसे झाल्यावरही ती टिकली. दुसऱ्या एका जातीच्या उंदरांत मात्र त्याच जंतूने तशी वेदना झाली नाही. याचा अर्थ असा की जंतुसंसर्ग आणि स्वप्रतिरक्षा या दोन परस्परविरोधी उपपत्ती मानण्याचे कारण नाही. जंतू ठिणगी टाकून निघून जातो. ज्याच्या अंगी तशी आनुवंशिक प्रवृत्ती आहे त्याच्या ग्रंथीत आग धुमसत राहते. प्रथम संसर्ग झाला, तो बरा झाला, पण दुखणे गेले नाही, असा इतिहास आपण ज्या रुग्णांकडून ऐकतो त्याचा उलगडा यातून होऊ शकतो.

याच गटाने मास्ट पेशींकडेही लक्ष वेधले. या पेशी मज्जातंतूंच्या टोकांजवळ असतात. त्यांच्यातून सुटणारे ट्रिप्टेज आणि मज्जातंतूंची वाढ घडविणारा घटक हे रुग्णांच्या प्रोस्टेटस्रावात वाढलेले आढळले. प्रतिकारसंस्थेची चूक वेदनेत कशी रूपांतरित होते, याचे उत्तर येथे असण्याचा संभव आहे.

माणसांतील पुरावा आणि त्याच्या मर्यादा

माणसांत १९९७ साली रिचर्ड अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की काही रुग्णांच्या सीडी ४ टी पेशी वीर्यद्रवातील प्रथिनांना प्रतिसाद देऊन वाढू लागतात. पुढे पीएसए आणि प्रोस्टेटमधील आम्ल फॉस्फटेज यांविरुद्धही अशा पेशी सापडल्या. कोर्दोबाच्या गटाला सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत ही प्रतिक्रिया आढळली आणि त्या रुग्णांच्या वीर्याचा दर्जाही खालावलेला होता. हा परिस्थितिजन्य पुरावा होय. एक-तृतीयांश हा आकडा जसा दुर्लक्षिण्याजोगा नाही, तसा तो सर्वांना लागू करण्याजोगाही नाही.

दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या वेदनेच्या ९७ रुग्णांच्या प्रोस्टेटचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. केवळ ३३ टक्क्यांत दाह दिसला आणि मध्यम वा तीव्र दाह तर अवघ्या ५ टक्क्यांत होता. प्रोस्टेटस्रावातील पांढऱ्या पेशींची संख्या आणि रुग्णाची वेदना यांचाही मेळ बसत नाही. आपल्या थायरॉइडच्या उदाहरणात ग्रंथीत पेशींची दाटी उघड दिसत होती. येथे बहुतेकांत ती दिसत नाही. शिवाय रुग्णाच्या पेशींनी रोग संक्रमित होतो हा प्रत्यक्ष पुरावा माणसाबाबत उपलब्ध नाही.

म्हणून निष्कर्ष असा काढावा लागतो : स्वप्रतिरक्षेने प्रोस्टेटदाह होऊ शकतो हे प्राण्यांत सिद्ध आहे, माणसांत काही रुग्णांच्या बाबतीत ते संभवनीय आहे, परंतु तिसऱ्या वर्गातील प्रत्येक रुग्णाला स्वप्रतिरक्षेचा रोगी म्हणणे हे त्याला जंतुबाधित म्हणण्याइतकेच घाईचे ठरेल.

जेथे निदान निश्चित करता येते

दोन प्रसंगी मात्र प्रतिकारसंस्थेच्या रोगाचे निदान ठामपणे करता येते. पहिला आयजीजी ४ संबंधित रोग. २००१ साली जपानमध्ये स्वादुपिंडाच्या विशिष्ट दाहात रक्तातील आयजीजी ४ वाढलेले आढळले आणि पुढे हाच रोग लाळग्रंथी, पित्तनलिका, मूत्रपिंड तसेच प्रोस्टेट यांतही होतो हे कळले. अशा रुग्णाला लघवीचा अडथळा येतो व तो वयपरत्वे होणाऱ्या ग्रंथिवृद्धीसारखा भासतो. ऊतीच्या नमुन्यात आयजीजी ४ युक्त प्लाझ्मा पेशी व विशिष्ट प्रकारचे तंतुमयत्व दिसते आणि स्टेरॉइडने लक्षणे झपाट्याने कमी होतात. कावीळ वा स्वादुपिंडाचा विकार होऊन गेलेल्या, लाळग्रंथी सुजलेल्या प्रौढ पुरुषात प्रोस्टेटच्या तक्रारी उद्भवल्यास हा विचार मनात यावा. दुसरा रोग म्हणजे पूर्वी वेगेनर यांच्या नावाने ओळखला जाणारा रक्तवाहिन्यांचा कणार्बुदी दाह. त्यात नाक, फुफ्फुसे व मूत्रपिंड यांबरोबर क्वचित प्रोस्टेटही सापडते.

स्टेरॉइडचा मोह

स्वप्रतिरक्षा हा शब्द उच्चारला की स्टेरॉइडची गोळी फार दूर राहत नाही. येथेच सर्वाधिक सावधगिरी हवी. तिसऱ्या वर्गातील रुग्णांवर प्रेडनिसोलोनच्या अल्पकालीन उपचाराची एक छोटी नियंत्रित चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तीत निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक लाभ दिसला नाही.

आपल्या देशात याहून गंभीर धोका आहे तो क्षयाचा. लघवीत पू पेशी आहेत परंतु नेहमीच्या संवर्धनात जंतू नाहीत, हे चित्र क्षयाचेही असते. प्रोस्टेटचा क्षय वर्षानुवर्षे साध्या प्रोस्टेटदाहासारखा वागू शकतो. मूत्राशयाच्या कर्करोगासाठी बीसीजीचे उपचार झालेल्यांतही प्रोस्टेटमध्ये कणार्बुदी दाह होतो. सकाळच्या लघवीची क्षयासाठी जनुकीय चाचणी व संवर्धन केल्याशिवाय अशा रुग्णाला स्टेरॉइड देणे म्हणजे सुप्त शत्रूला दार उघडून देणे होय. आपल्या सीमाभागाच्या दृष्टीने आणखी एका रोगाचे स्मरण ठेवावे. किनारी कर्नाटकातून मेलिऑयडोसिसचे अनेक रुग्ण नोंदले गेले आहेत. पावसाळ्यात ओली माती व पाणी यांच्या संपर्कातून होणारा हा रोग मधुमेही व्यक्तींत विशेष आढळतो आणि त्यात प्रोस्टेटमध्ये गळू होऊ शकते. मधुमेही शेतकरी, ताप आणि लघवीचा अडथळा हे त्रिकूट दिसल्यास सोनोग्राफी व रक्तसंवर्धन टाळू नये.

प्रतिजैविकांचा अतिरेक

स्टेरॉइडचा मोह जसा टाळावयाचा, तसा प्रतिजैविकांचाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ४६३ रुग्ण आणि १२१ निरोगी पुरुष यांची तुलना केली गेली. प्रोस्टेटमध्ये रोगकारक जंतू सापडण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ८ टक्के, म्हणजे सारखेच होते. २००४ साली १९६ रुग्णांवरील चाचणीत सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टॅम्सुलोसिन यांचा सहा आठवड्यांचा उपचार निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरला नाही. २००८ साली २७२ रुग्णांवर केलेल्या चाचणीत अल्फुझोसिनचीही तीच गत झाली. याउलट फ्लुरोक्विनोलोन वर्गाच्या औषधांनी स्नायुबंध तुटण्याचा धोका असल्याचा ठळक इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २००८ सालीच दिला आहे आणि महाधमनीसंबंधीचा इशारा २०१८ साली त्यात जोडला गेला. जंतू सिद्ध झाल्यास पूर्ण मुदतीचा उपचार अवश्य करावा. प्रथमच आलेल्या रुग्णात एकदा उपचार करून पाहणेही समजण्यासारखे आहे. परंतु संवर्धन निर्दोष असताना तीच औषधे नाव बदलून पुन्हा देण्यास आधार नाही.

मग करावे काय?

एका औषधाने सर्वांना गुण येत नाही, याचे कारण रुग्ण एका प्रकारचे नाहीत. २००९ साली शॉस्केस व निकेल यांनी रुग्णाचा विचार सहा अंगांनी करण्याची पद्धत सुचवली : लघवीच्या तक्रारी, मानसिक व सामाजिक ताण, प्रोस्टेटपुरता दाह, जंतुसंसर्ग, मज्जातंतूंचे व सार्वदेहिक विकार आणि ओटीपोटाच्या स्नायूंचा ताठरपणा. ज्या रुग्णात जे अंग दुखावलेले असेल त्यावर उपचार करावा. स्नायू ताठ असतील तर प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. मूत्रसंस्थेच्या दीर्घकालीन वेदनेच्या ४७ स्त्री-पुरुष रुग्णांवरील २००९ सालच्या चाचणीत अशा विशिष्ट स्नायूपचाराने ५७ टक्के, तर साध्या मालिशने २१ टक्के रुग्णांना आराम वाटला. दाहाचे अंग प्रबळ असल्यास क्वेर्सेटिन व परागकणांचा अर्क यांचा उपयोग छोट्या चाचण्यांत दिसून आला आहे.

प्रगती मोजण्यासाठी १९९९ साली तयार झालेली लक्षणांची प्रश्नावली वापरावी. वेदनेला २१, लघवीच्या तक्रारींना १० आणि जीवनमानाला १२ असे एकूण ४३ गुण असतात. पाच मिनिटांत भरून होणाऱ्या या कागदामुळे रुग्णाचे दुखणे आकड्यांत उतरते आणि आपले कोणीतरी ऐकून घेतले याचे समाधानही त्याला मिळते.

स्वप्रतिरक्षेच्या दृष्टीने सामान्य व्यावसायिकाने काय पाहावे? इतर स्वप्रतिरक्षा रोगांची विचारपूस करावी. लाळग्रंथी, डोळे, त्वचा, सांधे यांच्याकडे लक्ष द्यावे. संशय आल्यास आयजीजी ४ तपासावे आणि क्षय नाही याची खात्री करूनच पुढे जावे. वीर्यातील प्रथिनांविरुद्धच्या टी पेशींची तपासणी ही संशोधनाची बाब आहे. रोजच्या व्यवहारात तिच्यावर रुग्णाचा पैसा खर्च करू नये. दाहामुळे पीएसए वाढते, हेही रुग्णाला समजावून सांगावे. अन्यथा अहवालातील एका आकड्याने कर्करोगाच्या भीतीचे सावट घरावर पडते.

वाचकांसाठी दोन शब्द

ज्या वाचकांना स्वतःला किंवा घरातील कोणाला हा त्रास आहे त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात. थंडीताप, लघवी अडकणे किंवा लघवीतून रक्त जाणे अशी लक्षणे असल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. जुनी औषधे स्वतःच दुकानातून आणून सुरू करू नयेत. तिसऱ्या वर्गाचा हा आजार पत्नीला लागत नाही आणि तो कर्करोग नव्हे. तपासणीत जंतू नाहीत याचा अर्थ दुखणे खोटे आहे असा मुळीच नव्हे.

हाशिमोतो यांनी वर्णन केलेल्या चार स्त्रियांच्या रोगाचे कारण कळण्यास चव्वेचाळीस वर्षे लागली. पण कारण अज्ञात होते म्हणून त्या आजारी नव्हत्या असे कोणी म्हटले नाही. प्रोस्टेटदाहाच्या रुग्णाबाबत आपणही तोच न्याय ठेवला पाहिजे. स्वप्रतिरक्षेच्या संशोधनाने आज आपल्या हाती खात्रीचे औषध दिलेले नाही. परंतु जंतू नाहीत म्हणजे आजार नाही, हा समज मात्र त्याने निश्चित खोडून काढला आहे. तेवढ्याने जरी आपल्या दवाखान्यातील पुढच्या रुग्णाला पाचव्या प्रतिजैविकाऐवजी नीट तपासणी आणि विश्वासाचे चार शब्द मिळाले, तरी या अभ्यासाचे चीज झाले असे म्हणता येईल.